हेमांगीचा परत घेतलेला प्रबंध

नदीकाठच्या एका शहरात हेमांगी तांडेल नावाची एक मुलगी जिवाणूंवर संशोधन करत होती. तिचे आईवडील कोकणच्या किनाऱ्यावर मासेमारी करत. त्यांच्या घराण्यात डॉक्टरेटपर्यंत कोणी पोहोचले नव्हते. म्हणून तिच्या प्रबंधाकडे सारे घर डोळे लावून बसले होते.

तिचा विषय फार सुंदर होता. माणसाप्रमाणे जिवाणूंनाही विषाणूंची बाधा होते. विषाणू जिवाणूच्या अंगाला चिकटतो, आपला जनुकांचा धागा आत सोडतो, आत वाढतो आणि शेवटी जिवाणूला फोडून बाहेर पडतो. पण जिवाणूही स्वस्थ बसत नाहीत. काही जिवाणू तो धागा कापून टाकतात. काही जिवाणू बाधा झाली की स्वतःच मरतात, म्हणजे शेजारचे वाचतात. जखमा चिघळवणाऱ्या एका हट्टी जिवाणूकडे असेच एक नवे संरक्षण आहे, असे हेमांगीने दाखवले होते. नदीच्या पाण्यातला विषाणू त्याचे काही बिघडवू शकत नाही, असा तिचा निष्कर्ष होता. तिचे मार्गदर्शक केळुसकर सर यांच्यासह तिने तो एका शास्त्रीय मासिकात निबंध म्हणून छापलाही होता. प्रबंध सादर झाला होता. तोंडी परीक्षेची तारीख ठरली होती.

त्याच सुमारास शहरातल्या रुग्णालयातून डॉ. शमा मुजावर तिच्याकडे आल्या. त्यांच्याकडे दौलत नावाचा, बांबूच्या टोपल्या विणणारा एक बुरूड दाखल होता. बांबूची चिपाटी पायात घुसून जखम झाली होती. ती चिघळत घोट्यापर्यंत आली होती, आणि एकही औषध लागू पडत नव्हते.

"जंतू तुम्ही अभ्यासलात त्याच जातीचा आहे," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचा नदीतला विषाणू त्याला मारील का?"

"नाही मॅडम," हेमांगी म्हणाली. "त्याच्याकडे संरक्षण आहे. माझा निबंध त्यावरच आहे."

डॉक्टरांनी मान हलवली. "मग पाय काढावा लागेल. पुढच्या आठवड्यात."

त्या गेल्या आणि हेमांगी परीक्षेच्या तयारीला लागली. परीक्षकांना दाखवायला प्रयोगाच्या ताज्या बशा हव्या होत्या. तिने नदीचे पाणी आणून तोच विषाणू नव्याने वेगळा काढला, तो हट्टी जिवाणू वाढवलेल्या बशीवर त्याचे थेंब टाकले आणि बशी उबेत ठेवली. दुसऱ्या दिवशी पाहते तो प्रत्येक थेंबाच्या जागी स्वच्छ गोल पडलेला. तिथले जिवाणू मेले होते.

तिने प्रयोग पुन्हा केला. तेच झाले. मग तिने फ्रीजमधला जुना विषाणू तपासला. तो केव्हाच निकामी झाला होता. आता तिच्या ध्यानात आले. पहिल्या वेळी, तुलनेसाठी संरक्षणाचे जनुक काढून घेतलेल्या जिवाणूंवर तिने ताजा विषाणू वापरला होता, म्हणून ते मेले. संरक्षण असलेल्यांची पाळी आली तेव्हा तोच विषाणू जुना झाला होता, म्हणून ते वाचले. दोन्ही प्रयोग एकाच वेळी करायला हवे होते. तिच्या प्रबंधातले संरक्षण मुळात नव्हतेच.

ती बशा घेऊन केळुसकर सरांकडे गेली. सरांनी त्या एकेक करून उजेडात धरल्या. ते निवृत्तीला आले होते. ही त्यांची शेवटची विद्यार्थिनी होती.

"परीक्षा होऊन जाऊ दे," ते शेवटी म्हणाले. "मग आपण दुरुस्ती छापू. सगळेच छापतात."

"सर, दौलतचा पाय त्याआधी काढणार आहेत."

"आणि विषाणूने तरी तो वाचेल कशावरून?"

"वाचेलच असं नाही. पण आपल्या चुकीवरून तो कापला जाऊ नये."

सर खिडकीकडे वळले. हेमांगी तिथून निघाली ती थेट रुग्णालयात गेली.

दौलत खाटेवर निजला होता. त्याची बायको केराबाई उशाशी बसली होती. हेमांगीने डॉक्टरांना त्या दोघांसमोरच सांगितले, "मॅडम, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. माझा प्रयोग चुकला होता. हा विषाणू त्या जंतूला मारतो."

केराबाई उठून पुढे आली. "ताई, मग पाय ऱ्हाईल का ह्यांचा? बांबू पायात धरूनच चिरावा लागतो आमाला."

"मला ठाऊक नाही, मावशी. खोटी आशा नाही लावत. पण करून बघता येईल."

दौलतने डोळे उघडले. "चूक झाली म्हणून सांगाय आलीस, पोरी?"

"हो."

"बस मग जरा," तो म्हणाला. "उभी नको ऱ्हाऊस."

डॉक्टरांनी जखमेतला जंतू तिच्याकडे दिला. विषाणूने तो बशीत मारला. रुग्णालयाच्या समितीची परवानगी मिळाली, दौलतने आणि केराबाईने संमती दिली. शुद्ध केलेला विषाणू जखमेत सोडला गेला. काही दिवस ताप उतरेना. डॉक्टर रोज म्हणत, पाय कापायला आणखी एक दिवस थांबू. मग सूज ओसरू लागली. दोन बोटे काढावी लागली. पाय मात्र राहिला.

इकडे प्रबंध परत घेण्याचा अर्ज विद्यापीठात द्यायचा होता. त्यावर सरांची सही लागणार होती. हेमांगी दारात उभी राहिली तेव्हा त्यांनी काही न विचारता पेन काढले.

"निबंधावर नाव माझंही होतं," ते म्हणाले. "तो मागे घेतोय, असं मी मासिकाला कळवलंय. मला ते तुझ्याआधी सुचायला हवं होतं."

घरी फोन करणे तिला सर्वांत जड गेले. आईवडिलांनी परीक्षेला येण्यासाठी नवे कपडे शिवले होते. वडील ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे परत पहिल्यापासून?"

"हो, बाबा."

"कर मग. आम्ही आहोत."

तिची शिष्यवृत्ती संपली. बरोबरीचे सारे पदव्या घेऊन पांगले. ती दिवसा एका महाविद्यालयात शिकवी आणि उरलेल्या वेळात प्रयोग करी. काही वर्षांनी तिने दुसरा प्रबंध लिहिला. त्यात मोठा शोध नव्हता. एक जिवाणू विषाणूचा धागा नेमका कुठे कापतो, एवढेच तिने दाखवले होते, पण ते पुन्हा पुन्हा पडताळून.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. निवृत्त झालेले केळुसकर सर मागच्या बाकावर बसले होते. परीक्षकांनी विचारले, "पहिलं प्रकरण तुम्ही स्वतःच्या चुकीवर का लिहिलंत? ते गाळता आलं असतं."

हेमांगी म्हणाली, "यापुढचं काम कोणीतरी माझ्या कामावर उभं करील. जमीन कुठे भुसभुशीत आहे, ते त्याला आधी कळायला हवं."

परीक्षकांनी पान उलटले आणि दुसऱ्या प्रकरणावरचा पहिला प्रश्न विचारला.

तात्पर्य: आपली चूक ज्याला भोगावी लागणार, त्याला ती आधी सांगावी, आपले काय जाईल याचा विचार त्यानंतर करावा.