थोरलीची फुलं, धाकटीचे बेडूक

फार पूर्वीची, राजवाड्यातली माणसंसुद्धा मातीच्याच रांजणातलं पाणी पीत तेव्हाची ही गोष्ट. लहान असा की मोठे, जरा पाय वर घेऊन बसा. मधेच बेडूक येणार आहेत.

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं. गावाच्या कडेला कुंभाराचं घर होतं आणि घरात आई आणि तिच्या दोन मुली राहायच्या. वडील मागेच गेले होते, पण त्यांचं चाक या तिघींनी थांबू दिलं नव्हतं. मुलींना गावात कुणी नावानं हाक मारत नसे. मोठी ती थोरली आणि लहान ती धाकटी.

थोरली बोलायला फार गोड. "काय गोड बोलते हो पोर," असं म्हणत बायका घागर घेऊन घरी जायच्या. ती नेमकं काय बोलली म्हणून विचारलं, तर एकीलाही सांगता यायचं नाही. धाकटीचं सगळं उलटं होतं. मनात आलं की ते ओठांवर आलंच. "मावशी, तुमच्या छपराचा वासा कुजलाय, डोक्यात पडेल एक दिवस," हे ती भर चावडीवर सांगायची. वासा खरोखरच कुजलेला असायचा, पण ऐकायला थांबतो कोण? तिनं तोंड उघडलं की लोक वाट बदलायचे.

या दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे. त्याचं कारण म्हणजे रांजण. चाकावरून उतरलेला ओला रांजण जाडजूड असतो. आतून एक गोल दगड टेकवायचा, बाहेरून बरोबर त्याच जागी लाकडी थापी मारायची, आणि असं थापटत थापटत त्याला मोठं करायचं. घागरीला एका माणसाचे दोन हात पुरतात, रांजणाला ते पुरत नाहीत. म्हणून थोरली कमरेपर्यंत आत वाकून दगड धरायची आणि धाकटी बाहेरून थापी मारायची.

आता आतलीला बाहेरची दिसत नाही आणि बाहेरचीला आतली. म्हणून दर फटक्याआधी धाकटी विचारायची, "आहेस?"

आतून घुमत उत्तर यायचं, "आहे."

मगच थापी पडायची. उत्तर आलं नाही तर धाकटीचा हात हवेतच थांबायचा. मागे दगड नसताना मारलं तर रांजणाला भोक पडतं. लहानपणापासून हे असं चालत आलेलं. त्यामुळे थोरलीच्या आवाजातलं हसू, कंटाळा, रडू, सगळं धाकटीला न बघता कळायचं.

एका दुपारी थोरली विहिरीवर गेली होती. तिथे एक अनोळखी म्हातारी बसलेली दिसली. म्हातारीनं पाणी मागितलं. थोरलीनं घागर कलती केली, म्हातारी पोटभर प्यायली आणि म्हणाली, "पोरी, तुझं बोलणं लोकांना फुलांसारखं वाटतं ना? मग फुलंच पडू देत. लोक तुझं खरोखर ऐकायला लागतील तोवर हे राहील."

थोरली घरी येऊन "आई, आज काय झालं" म्हणाली आणि तिच्या ओठांमधून बकुळीची फुलं टपटप पडली. आईनं घाईनं पदर पसरला.

धाकटीला राहवेना. ती तशीच उठून विहिरीकडे पळाली. म्हातारी अजून तिथेच होती, आणि तिनं पुन्हा पाणी मागितलं.

"आधी बस," धाकटी म्हणाली. "उन्हात बसून आहेस आजी, भात्यासारखी धापा टाकतेयस. आत्ता प्यायलीस तर ठसका लागून इथंच आडवी होशील, मग तुला उचलायचं कुणी?" असं म्हणत तिनं स्वतःची ओढणी भिजवून म्हातारीच्या डोक्यावर ठेवली, तिचा श्वास खाली बसू दिला आणि मग ओंजळीनं पाणी पाजलं.

म्हातारी गालात हसली. "तुझं बोलणं ऐकून लोक उड्या मारतात ना गं? मग मारू देत. लोक तुझं खरोखर ऐकायला लागतील तोवर हेही राहील."

धाकटी "म्हणजे काय" असं विचारायला गेली, तर तिच्या तोंडातून एक हिरवागार बेडूक टुणकन विहिरीत पडला.

गावात काय बोभाटा झाला असेल, तो तुम्हीच कल्पून घ्या. थोरलीपुढे लोक परड्या घेऊन बसायला लागले आणि धाकटीपासून दहा हात लांब उभे राहायला लागले. घरात मात्र दोघी हसून हसून बेजार व्हायच्या. रांजण थापटताना "आहेस?" म्हटलं की ओल्या मातीवर बेडूक बसायचा, "आहे" म्हटलं की रांजणाच्या तळाशी बकुळ पडायची. म्हातारीचे शेवटचे शब्द दोघीही विसरून गेल्या.

फुलांची गोष्ट राजाच्या कानावर गेली. राजा वाईट नव्हता. त्याला सुंदर गोष्टी आवडायच्या, आणि आवडलेली गोष्ट जवळ असावी असं वाटायचं, एवढंच. त्यानं पालखी पाठवली. कारभारी थोरलीला म्हणाला, "महाराजांनी सन्मानानं राजवाड्यात राहायला बोलावलंय. येणार ना?"

"मला इथंच बरं वाटतं," थोरली हळू आवाजात म्हणाली. "आईला विचारते, पण मला नाही यायचं."

बकुळीचा सडा पडला. कारभारी हरखून फुलं वेचायला वाकला, भोई वाकले, शेजारीपाजारी वाकले. आईनंही सवयीनं पदर पसरला. "येते म्हणाली," कारभारी उठता उठता बोलला.

"नाही म्हणाली ती," धाकटी ओरडली. "नाही म्हणाली, मी ऐकलंय."

आणि बेडकांची रांगच्या रांग अंगणात उतरली. भोई घाबरून किंचाळले. कारभाऱ्यानं थोरलीला जवळजवळ पालखीत ढकललं, आणि पालखी अशी धूम पळाली की धुरळा खाली बसेपर्यंत ती दिसेनाशी झाली.

धाकटी अंगणात उभीच राहिली. तिला एकच वाटलं. मी तोंड उघडलं नसतं, तर ते असे पळाले नसते. फुलं वेचून झाल्यावर कुणीतरी ताईला पुन्हा विचारलं असतं. माझ्या बेडकांनी माझी ताई नेली.

त्या दिवसापासून धाकटीनं बोलणं सोडलं. आई जेवायला बोलवायची, ती मान हलवायची. आई तिला जवळ घेऊन म्हणायची, "बोल गं राणी, बेडूक तर बेडूक. मला काही त्यांची भीती नाही." धाकटीचे डोळे भरून यायचे, ओठ मात्र मिटलेलेच राहायचे.

गावाची एक रीत होती. उन्हाळा लागला की राजवाड्याच्या दरबारात गार पाण्याचा नवा रांजण बसायचा, आणि तो याच घरातून जायचा. यंदा आत वाकायला आई उभी राहिली. धाकटी विचारू शकत नव्हती, म्हणून ती बोटाच्या पेरानं रांजणावर टक टक करायची. आतून आई कण्हत म्हणायची, "आहे गं बाई, आहे." रांजण झाला, पण दोघींच्याही मनासारखा झाला नाही. भट्टीतून काढून, गाडीत पेंढा घालून त्यावर तो ठेवला आणि मायलेकी निघाल्या. बैल धाकटीनंच हाकले.

रांजण घेऊन त्या राजवाड्यात पोचल्या तेव्हा दरबार भरला होता. राजासमोर पाटावर थोरली बसली होती. अंगावर रेशीम होतं, आणि चेहरा असा सुकलेला, की आईनं आधी ओळखलंच नाही. तिच्याभोवती सेवक चांदीच्या परड्या धरून उभे होते.

"बोल," राजा प्रेमानं म्हणाला. "आज काही बोल."

थोरलीची नजर दाराशी गेली. आई आणि धाकटी दिसताच तिचा बांध फुटला. "महाराज, मला घरी जायचंय," ती म्हणाली. "मी रोज हेच सांगते. माझा जीव घुसमटतो इथे. मला माझ्या आईकडे जाऊ द्या."

"वा," दरबारी म्हणाले. "आज किती टपोरी आहेत बघा." परड्या भरू लागल्या. राजानं एक फूल उचलून नाकाशी धरलं आणि डोळे मिटले.

दाराशी उभ्या असलेल्या धाकटीनं शब्दन् शब्द ऐकला होता. तिला कळून चुकलं, की ताई रोज उत्तर देतेय आणि विचारणारं कुणी नाही. पण आपण बोललो तर? गावात भोई पळाले, इथे तर शिपाई आहेत. मारतील, हाकलून देतील, आणि दार बंद झालं तर ताईचं तोंडही पुन्हा दिसायचं नाही. मागच्या वेळी बोलण्यानंच ताई गेली होती.

तिनं ओठ घट्ट मिटले. मग थोरलीकडे पाहिलं. थोरली तिच्याकडेच बघत होती, रांजणाच्या आतून वाट बघितल्यासारखी.

धाकटीनं तोंड उघडलं. इतक्या दिवसांनी आवाज घोगरा निघाला.

"ताई, आहेस?"

"आहे," थोरली म्हणाली, आणि तिला हुंदका आला.

एक भला मोठा बेडूक दरबाराच्या मधोमध बसला होता. सगळे त्याच्याकडे बघतात न बघतात तोच धाकटी पुढे आली आणि तिनं जे मनात साठलं होतं ते सगळं सांगून टाकलं. "तुम्ही सगळे बहिरे झालात. ती घरी जायचं म्हणतेय आणि तुम्ही परड्या भरताय. आमच्या अंगणातसुद्धा ती नाहीच म्हणाली होती. महाराज, तुम्ही रोज तिला बोल म्हणता आणि रोज नुसता वास घेता."

आणि काय सांगू तुम्हाला, बेडूकच बेडूक. हिरवे, पिवळे, चट्ट्यापट्ट्याचे. कारभारी खांबावर चढला, तो खाली यायलाच तयार होईना. राजानं पाय उचलून सिंहासनावर मांडी घातली. शिपाई भाले घेऊन धावले खरे, पण पाय ठेवायला जागाच नव्हती. बेडूक जाऊन नेमके फुलांवर बसले, परड्यांमध्येही बसले. फुलं वेचायला कुणाचा हात पुढे होईना.

हातात काही काम नसल्यामुळे माणसं पहिल्यांदाच नुसती उभी होती.

"ती काय म्हणाली?" राजानं विचारलं.

धाकटी म्हणाली, "मला काय विचारता? ती समोर बसलीय, तिलाच विचारा."

राजा थोरलीकडे वळला. "काय म्हणालीस तू?"

"मला घरी जायचंय, महाराज," थोरली म्हणाली. बकुळ पडली आणि कुणी वाकलं नाही.

राजा मांडी सोडून सिंहासनावरून उतरला आणि बेडकांमधून जपून पावलं टाकत थोरलीपर्यंत आला. "मी रोज तुझ्यासमोर बसलो," तो म्हणाला, "आणि मला तुझा एक शब्द ऐकू आला नाही. चुकलो मी. जा, पोरी. तुझ्या घरी जा." मग धाकटीकडे बघून म्हणाला, "तुझे बेडूक राजवाड्याच्या तळ्यात राहू देत. कुणी बोलत असताना माझं लक्ष दुसरीकडे गेलं, तर ते ओरडतील."

तिघी गाडीत बसल्या. बैल धाकटीच हाकत होती, पण तिचं निम्मं लक्ष मागेच होतं. दोघी बोलत होत्या, भांडत होत्या, एकमेकींचं वाक्य तोडत होत्या. राजवाड्यातली खीर कशी पाणचट असते, यंदाचा रांजण कसा एका कुशीला कलला, आई आत वाकून कशी कण्हायची, सगळं निघालं. आई मधोमध बसून ऐकत होती. सवयीनं तिनं पदर पसरून धरला होता.

ओढा ओलांडताना तिचं पदराकडे लक्ष गेलं. पदर रिकामा होता. तिनं गाडीत वाकून पाहिलं, तर पेंढ्यात एकही बेडूक नव्हता. पोरींना पत्ताच नव्हता. हे सांगावं म्हणून आईनं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मधेच कशाला बोलायचं, पोरी बोलतायत. तिनं पदर आवरून खांद्यावर घेतला आणि त्या काय बोलतात ते ऐकत राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात राजवाड्याला गेलेला रांजण सगळीकडून सारखा होता. तो थापटत असताना वाटेनं जाणारी माणसं कुंभाराच्या अंगणाशी थबकायची. ना फुलं होती, ना बेडूक, तरी ती थांबायची.

"आहेस?" बाहेरून विचारणं व्हायचं.

"आहे," आतून उत्तर यायचं, आणि मगच थापी पडायची.

बोध एवढाच: माणसाच्या बोलण्यातून काय पडतं ते वेचत बसू नये, तो माणूस काय सांगतोय ते ऐकावं.