वाळूच्या पिशव्या

एकदा एका थंड प्रदेशात बर्फावरील नृत्य शिकविणारे एक वृद्ध गुरू राहत असत. त्यांची एक शिष्या पंधरा वर्षांची होती. हवेत चार गिरक्या घेऊन ती जोड्याखाली पाते बांधलेल्या एका पायावर अलगद उतरे आणि बघणाऱ्यांचा श्वास रोखला जाई.

राजधानीतील मोठ्या स्पर्धेला मात्र सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांनाच प्रवेश होता. तिचा खर्च करणारा व्यापारी म्हणाला, "पंच इथे निवडीला आले की वय विचारतील, तेव्हा सतरा सांग. बाकीचं मी बघतो. लक्ष्मी टिळा लावायला आली असता तोंड धुवायला जाऊ नये, पोरी." वय वाढविणे हे एरवी काळाचे काम, शेठजींनी तेही अंगावर घेतले होते.

 मुलीला खोटे बोलण्याची भीती होतीच, पण वाढण्याची भीती त्याहून मोठी होती. तिच्या आधी गुरूंकडे शिकणारी एक मुलगी वर्षभरात उंच झाली, अंगाने भरली आणि तिची उडी गेली ती गेलीच. हेच आपले झाले तर? या धास्तीने ही ताटावरून अर्धपोटी उठे, आणि घोटा ठणकला तरी कोणाला सांगत नसे.

पंच यायच्या दिवशी सकाळी गुरूंनी तिच्या कमरेला ओल्या वाळूच्या दोन पिशव्या बांधल्या.

"आता मार उडी."

ती उडाली आणि आपटली. पुन्हा उडाली, पुन्हा आपटली. शेवटी रडू कोसळले. "गुरुजी, आजच का माझे हाल करता?"

गुरू तिच्याशेजारी बर्फावरच बसले. "बाळ, ही वाळू म्हणजे तुझं उद्याचं अंग आहे. आजची उडी तुझ्या कोवळ्या वयाची आहे, अजून तुझी झालेली नाही. सतरा वर्षांचा तो नियम मुलींवरच्या रागाने केलेला नाही. कोवळ्या हाडांवर पदकं मिळवायची, पोर वाढली की तिला टाकून दुसरी शोधायची, हे पाहून कोणाला तरी लाज वाटली, म्हणून तो झाला."

"आणि मोठी झाल्यावर उडी जमलीच नाही तर?"

"नाहीही जमणार. खोटा धीर मी देणार नाही. पण तेव्हा जी जमेल, ती कोणी हिरावून नेणार नाही. आणि मी तुला टाकणार नाही."

दुपारी पंच आले. व्यापारी हसतमुखाने तिच्या मागे उभा राहिला. पंचांनी वय विचारले.  तिने एकदा गुरूंकडे पाहिले. ते मान खाली घालून तिच्या पायातले जोडे सोडत होते आणि सुजलेल्या घोट्यावर त्यांचा हात होता.

"पंधरा," ती म्हणाली.

मुलांच्या यशाची घाई झालेल्यांनी, ती घाई नक्की कोणाची आहे, हे एकदा स्वतःला विचारून पाहावे.