डाख दिलेले रीळ

एकदा एका शिष्याच्या हातून इतके चोख काम झाले, की त्यात बोट ठेवायला जागाच उरली नाही. आणि नेमके तेच त्याच्या अंगाशी आले.

हा शिष्य एका सरोवराकाठच्या गावी, एका वृद्ध कारागिरांकडे शिकत होता. गळाने मासे धरणारे हौशी लोक आपली जुनी पितळी रिळे दुरुस्तीला घेऊन दूरदूरहून त्यांच्याकडे येत. गळाची दोरी ज्यावर गुंडाळतात ते हे चाक. कुणाच्या आजोबांचे, कुणाच्या पणजोबांचे. गुरूंचा एक नेम होता. शिष्याने दुरुस्त केलेले प्रत्येक रीळ गिऱ्हाइकाला देण्यापूर्वी ते स्वतः उघडून तपासत. "ज्या दिवशी तुझं रीळ मी न उघडता देईन, त्या दिवशी तू कारागीर," असे त्यांनी सांगून ठेवले होते. शिष्य त्या दिवसाकडे डोळे लावून बसला होता, हे निराळे सांगायला नको.

अशात एक व्यापारी आपल्या आजोबांचे रीळ घेऊन आला. मोठा मासा ओढ घेऊ लागला, की बाजूच्या झाकणाचे स्क्रू ढिले होत आणि ऐन वेळी चाक अडकून बसे. शिष्याने ते काम मागून घेतले. दाते साफ केले, स्प्रिंग बदलली, तेलपाणी केले. मग कायमचा बंदोबस्त म्हणून झाकणाच्या स्क्रूंवर वितळलेल्या कथलाचा डाख दिला आणि तो कानशीने घासून असा गुळगुळीत केला, की स्क्रू कुठे होते ते शोधूनही सापडू नये. स्वारी स्वतःवरच बेहद्द खूश झाली.

व्यापारी आला. त्याने मूठ फिरवली. चाक कसे अलगद फिरले. गुरूंनी नेहमीप्रमाणे पेचकस उचलला.

"अण्णा, हे उघडायची गरज नाही," शिष्य हसून म्हणाला. "आता ते कुणालाच उघडता येणार नाही."

गुरूंनी पेचकस खाली ठेवला आणि व्यापाऱ्याला हात जोडले. "शेठ, आठ दिवसांनी या. काम अपुरं आहे."

"अपुरं?" व्यापारी चक्रावला. "अहो, नव्यापेक्षा झकास चालतंय हे."

गुरू मात्र हटेनात. व्यापारी कुरकुरत गेला. शिष्याचा चेहरा पार उतरला होता. "अण्णा, माझं चुकलं काय, ते तरी सांगा."

"काम माझ्यापेक्षा सरस झालंय, हे आधी ऐकून घे," गुरू म्हणाले. "पण आतला एक दाता निराळ्या पितळेचा आहे, तो पाहिलास ना? तो माझ्या गुरूंनी बसवला. त्याखालची चामड्याची चकती त्यांच्याही आधीची. ती कुणी कापली, मला ठाऊक नाही. पण त्या माणसानं झाकण असं लावलं, की माझ्या गुरूंना ते उघडता आलं. म्हणून हे रीळ आज तुझ्यापर्यंत पोचलं. आणि तू ते असं लावलंस, जणू तुझ्यानंतर शहाणा माणूस जन्मालाच येणार नाही. अभिमान मलाही आहे, बाबा. या साखळीत मी मधला आहे, याचा आहे."

शिष्याने रीळ पुन्हा पुढ्यात ओढले. मग त्याने कामाला हात घातला. स्प्रिंगला धग लागू नये म्हणून जिवापाड जपत, थोडा थोडा करत त्याने डाख उतरवला. झिजलेले आटे नव्याने पाडले आणि त्यांत जाड स्क्रू घट्ट बसवले. निराळ्या पितळेच्या त्या दात्यावरून या वेळी त्याने फडके जरा हळूच फिरवले.

ठरल्या दिवशी व्यापारी आला. गुरूंनी रीळ हातात घेतले, स्क्रूंच्या खाचांवरून अंगठा फिरवला आणि पेचकसाला हात न लावता ते व्यापाऱ्याच्या स्वाधीन केले.

"आता पुन्हा बिघडणार नाही ना?" व्यापाऱ्याने विचारले.

"बिघडेल की, शेठ," शिष्य ताठ मानेने म्हणाला. "तुमच्या नातवाच्या हातात बिघडेल. पण तेव्हा इथं जो कुणी बसलेला असेल, त्याला ते उघडता येईल."