केवळाबाईचा नंबर आणि चौदा पानांचा करार

एका गावात साप धरणारी एक बाई राहत होती. गावाचे नाव करंजदरी आणि बाईचे नाव केवळाबाई. नाग असो, घोणस असो की मण्यार, कुणाच्याही घरात साप निघाला की ती धावत जाई, त्याला अलगद बरणीत घेई आणि जंगलात सोडून येई. पैसे मागत नसे. आसपासच्या अकरा गावांत शाळेच्या आणि दवाखान्याच्या भिंतींवर तिचा फोन नंबर रंगवलेला होता. आया तो नंबर मुलांकडून पाढ्यासारखा पाठ करून घेत.

एका बाजाराच्या दिवशी ‘सुनाद’ नावाच्या मोबाइल कंपनीने तालुक्यात मांडव टाकला. दुकानाचा मॅनेजर सरोदे म्हणाला, "मावशी, नंबर तुमचाच ठेवा, कंपनी तेवढी आमची घ्या. नवा फोन फुकट. महिनाभर वापरा. नाही आवडलं तर नंबर घेऊन खुशाल जा."

"करंजदरीत रेंज येते का?"

"घरात बसून बोलाल!"

केवळाबाईने विश्वास ठेवला. यंत्रावर अंगठा टेकवला आणि नवा फोन घेऊन ती घरी आली.

घरात रेंज नव्हती. अंगणात नव्हती. विहिरीवरही नव्हती. गावामागची टेकडी चढली तरच फोन लागे.

पंधरा दिवसांनी मोहगावच्या चंद्रभानच्या घरात मण्यार निघाली आणि त्याच्या सात वर्षांच्या मुलीला चावली. पाच दिवस पोर दवाखान्यात होती. कशीबशी वाचली. केवळाबाई भेटायला गेली तेव्हा मुलीची आई म्हणाली, "साप चुलीमागे दिसल्याबरोबर फोन लावला, बाई. नऊ वेळा लावला. नऊही वेळा एकच, तुमचा फोन क्षेत्राबाहेर."

दवाखान्यातून ती तडक सरोदेच्या दुकानात गेली.

"माझा नंबर मोकळा करा. मला जुन्या कंपनीत परत जायचंय."

सरोदेने कॉम्प्युटरकडे पाहिले. "नाही जमणार. तुमचा दोन वर्षांचा करार आहे. तोवर नंबर हलत नाही."

"असा करार मी केलाच नाही."

"सही आहे तुमची. आणि एवढं काय, दुसरा नंबर घ्या ना! पन्नास नंबर मिळतात."

"अकरा गावांच्या भिंती तुम्ही पुसणार? आणि पोरांच्या डोक्यातला नंबर कसा पुसणार?"

सरोदे पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

दुसऱ्या दिवसापासून केवळाबाई भाकरी बांधून घेऊ लागली आणि सकाळपासून टेकडीवर जाऊन बसू लागली. उन्हात फोन हातात धरून ती वाट पाही. ओळखीचे वनरक्षक उईके तिथून जाताना थांबले. सगळे ऐकून म्हणाले, "इथे बसून काय होणार? जिल्ह्याला ग्राहक आयोग आहे. सरकारनेच नेमलाय. तक्रार मराठीत लिहा. वकील नसला तरी चालतं."

केवळाबाईने दोन पानी तक्रार लिहिली आणि जिल्ह्याला जाऊन दिली.

आयोगाने कंपनीला नोटीस काढली. कंपनीला करार दाखवावाच लागला. चौदा पाने, सगळी इंग्रजीत. शेवटच्या पानावर लिहिले होते की चौदा मार्चला सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, तालुक्याच्या दुकानात, हा करार ग्राहकाला मराठीत वाचून दाखवला. खाली केवळाबाईची सही.

आयोगाच्या अध्यक्ष बाईंनी विचारले, "सही तुमची आहे?"

"वळण माझ्यासारखं आहे, मॅडम. पण सही माझी नाही. मी फक्त यंत्रावर अंगठा टेकवला होता, तोही वेगळ्या दिवशी, बाजारातल्या मांडवात."

"हे कशावरून?"

केवळाबाईने पिशवीतून एक वही काढली. धरलेल्या प्रत्येक सापाची तीत नोंद होती: तारीख, वेळ, गाव, कुठे सोडला. प्रत्येक नोंदीखाली वनखात्याची सही.

"चौदा मार्चला दहा ते बारा मी मोहगावच्या विहिरीत होते. नऊ फुटी अजगर पडला होता. अजगराची साक्ष काढता येणार नाही, पण उईके साहेब विहिरीच्या काठावर उभे होते."

सगळे हसले. साक्षीला आलेले उईके उठून उभे राहिले आणि म्हणाले, "खरं आहे. दोर मीच धरला होता."

अध्यक्ष बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी कंपनीच्या वकिलाला सांगितले, "त्या महिन्यात या दुकानाने केलेले सगळे करार पुढच्या तारखेला हजर करा."

वकिलाचा चेहरा उतरला. बाहेर व्हरांड्यात त्याने केवळाबाईला गाठले. "मावशी, भांडण कशाला वाढवता? नंबर आज, आत्ता सोडतो. वर लाखभर रुपये देतो. एवढी तक्रार मागे घ्या."

केवळाबाई थबकली. लाखापेक्षा ‘आज’ हा शब्द तिला जड गेला. आज नंबर सुटला तर उद्या टेकडीवर बसायला नको. पुढची तारीख महिन्याने होती. तेवढ्या दिवसांत आणखी कुणाचे पोर दवाखान्यात गेले तर?

तिने विचारले, "मी तक्रार मागे घेतली तर ते बाकीचे करार आयोगापुढे येतील?"

"त्यांची काय गरज उरली मग?"

"आणि त्या लोकांचं काय?"

"त्यांनी कुठे तक्रार केलीय? तुम्ही तुमचं बघा."

केवळाबाईने वही पिशवीत ठेवली. "साहेब, एका घरातला साप धरून शेजारच्या घरात सोडायचा नसतो. आमच्या कामातली ही पहिली गोष्ट."

ती गावी परतली आणि पुन्हा टेकडीवर बसू लागली. या वेळी एकटी नव्हती. गावातल्या बायकांनी पाळ्या लावल्या. केवळाबाई साप धरायला गेली की फोन धरून दुसरी कुणीतरी बसे. महिनाभर एकही हाक वाया गेली नाही.

पुढच्या तारखेला करार आले. बासष्ट होते. अध्यक्ष बाईंनी एकेकाचे शेवटचे पान उलटले. पहिल्यावर चौदा मार्च, अकरा वीस. दुसऱ्यावर तेच. दहाव्यावर तेच. बासष्टाव्यावरही तेच.

"म्हणजे," वकिलाबरोबर आलेल्या सरोदेला त्या म्हणाल्या, "तुम्ही एका मिनिटात बासष्ट लोकांना चौदा-चौदा पानं वाचून दाखवलीत?"

सरोदेने वकिलाकडे पाहिले. वकील कागद आवरत होता.

निकाल लागला. केवळाबाईचा नंबर तत्काळ मोकळा करावा. बासष्टही करार रद्द. प्रत्येकाला भरपाई. खोट्या सह्यांचा तपास पोलिसांकडे. आणि यापुढे करार मराठीत असेल, ग्राहकाला पूर्ण वाचून दाखवला जाईल, सहीआधी त्याची प्रत हातात दिली जाईल.

आठवडा सरायच्या आत नंबर जुन्या कंपनीत परत गेला आणि करंजदरीत, केवळाबाईच्या ओसरीवर फोन खणाणला. मोहगावहून चंद्रभान बोलत होता. साप निघाला नव्हता. फोन लागतो का, एवढेच त्याला पाहायचे होते. तो लागल्यावर त्याला रडू आवरले नाही.

तालुक्याच्या दुकानात नवा मॅनेजर आला. पहिल्याच दिवशी पांडोबा नावाचे एक म्हातारे धनगर फोन घ्यायला आले आणि बाकावर मांडी घालून बसले. मॅनेजर मराठी करार वाचू लागला. वाचता वाचता त्याचा घसा कोरडा पडला. चौदावे पान संपवून त्याने पेन पुढे केले.

पांडोबांनी पेन घेतले नाही. म्हणाले, "आधी पाणी पी, बाळा. मग तिसरं पान पुन्हा वाच. मला घाई नाही."

मागे रांगेत उभ्या असलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तात्पर्य: जो स्वतःपुरती सुटका घेतो, त्याचा एकट्याचा फास सुटतो; जो सगळ्यांसाठी कायद्याच्या दारात ठाम उभा राहतो, तो फास टाकणारा हातच थांबवतो.