मशीन पास झालं

एका कारखान्याच्या आडोशाला एक गाव होतं आणि त्या गावात भिवसेन नावाचा एक भोळा राहत होता. भोळा आपलं म्हणायचं म्हणून. डोक्यात नुसता भुसा. कारखान्यात इंजेक्शनचं औषध व्हायचं, प्रथिनाचं. ते शुद्ध करायला रसायनं लागत, पण शेवटी औषधात त्यांचा कणही उरलेला चालत नसे. तो कण हुडकायचं मशीन बोंद्रेबाईंच्या ताब्यात होतं. अक्कल हुडकायचं मशीन असतं, तर भिवसेनला फाटकातही कुणी उभं केलं नसतं.

त्याला बाईंच्याच हाताखाली लावलं. बाईंनी त्याला बाटल्या लख्ख धुवायला सांगितल्या. याने साबण चोळला आणि फेसासकट पालथ्या घातल्या. मशीनने साबण पकडला. बाई म्हणाल्या, बाटली हातात आली की आधी पाण्याने खळखळून विसळायची.

दुसऱ्या दिवशी त्यांनी औषधाने भरलेली बाटली त्याच्या हातात दिली. त्याने ती खळखळून विसळली.

"अरे गाढवा," बाई म्हणाल्या, "औषध असेल तिथं पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही."

हे त्याला पटलं. मग एकदा कारखान्याच्या साहेबांच्या घशात औषधाची गोळी अडकली. डोळे पांढरे झाले, ते हाताने पाणी मागू लागले. भिवसेनने तांब्या पाठीमागे लपवला.

"आत औषध आहे, साहेब. पाणी नाही मिळायचं."

शिपायाने साहेबांच्या पाठीत बुक्का घातला म्हणून ते वाचले.

तरी त्याला ठेवला. मालकाच्या मेव्हण्याचा माणूस, काढतो कोण.

पुढे औषधाची मोठी टाकी भरली. दवाखान्यातली आजारी पोरं त्याच औषधाच्या वाटेकडे डोळे लावून होती. तपासणी झाली की औषध बाटल्यांत भरून गाडी सुटणार होती. बाईंनी आधी एका नमुन्याच्या बाटलीत मुद्दाम रसायनाचा थेंब टाकला. चांगल्या औषधात घाण बघून भिवसेन दचकला.

"मुद्दाम घातलेलं मशीनला दिसलं, तरच त्याच्या तपासणीवर विश्वास ठेवायचा," बाई म्हणाल्या.

मशीनला ते दिसलं. बाईंनी त्याला टाकीतून साधा नमुना आणायला पाठवलं.

भिवसेन टाकीपाशी उभा राहिला. एवढी अजस्र टाकी, हिच्यात थेंब कुठला दिसायचा? बाईंच्या तपासणीवर कुणी अविश्वास दाखवला तर? त्याने रसायनाचा अख्खा कॅन टाकीत उपडा केला, दांडक्याने सगळं नीट ढवळलं आणि बाटली भरून आणली.

मशीनची रेघ सरळ वर गेली ती खाली येईना. काय ओतलंस, म्हणून बाईंनी विचारलं. त्याने अभिमानाने सांगितलं. बाई मटकन खाली बसल्या आणि रडू लागल्या.

"रडता कशाला बाई? मशीन पास झालं," भिवसेन म्हणाला. "आता बिनघोर गाडी सोडा."