रिमोटवरचा लाल थेंब

“चोर घरातलाच असला, तर पकडायचा कसा, उस्ताद?”

भूपाल मगदूमनं चपला काढायच्या आधीच विचारलं.

बाबालाल उस्ताद खाटेवर बसून चहात बिस्किट बुडवत होते. त्यांनी मान वर केली नाही. बिस्किट बुडवताना बोललं की ते तुटून कपात पडतं, हा त्यांचा ऐंशी वर्षांचा अनुभव.

“सहा वर्षांनी आलास,” बिस्किट खाऊन झाल्यावर ते म्हणाले. “बस.”

कुरुंदवाडात रेडिओ आणि पुढं टीव्ही दुरुस्तीचं पहिलं दुकान या उस्तादांचं. भूपाल सोळाव्या वर्षी तिथं शिकायला आला, पुढं ‘मगदूम टीव्ही क्लिनिक’ काढून बसला. चाळीस वर्षं दुकान चालवलं, पण ‘मला कळत नाही’ हे तीन शब्द काही त्याच्या तोंडून कधी निघाले नाहीत. दुसऱ्याला विचारायचं म्हणजे अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं त्याला. आता वय सहासष्ट. बाहेर सगळे अण्णा म्हणतात. पण उस्तादांच्या दारात तो अजून एकेरीच, म्हणून आपणही एकेरीच म्हणू.

“काय गेलं चोरीला?” उस्तादांनी विचारलं.

“आकडे.”

भूपालनं पिशवीतून एक वही काढली आणि एक रिमोट. रिमोटच्या एका बटणावर लाल थेंब वाळलेला होता.

“पोरानं नवा टीव्ही घेतलाय. पंचावन्न इंची. मी स्वतः बसून चित्र लावलं. उजेड चाळीस, कॉन्ट्रास्ट ऐंशी, रंग पन्नास. बातम्या सांगणाऱ्या बाईच्या पदराच्या जरीचे धागे मोजून घ्यावेत, असं चित्र! वहीत लिहून ठेवलं. आणि संध्याकाळी बघतो तर…”

“तर?”

“उजेड शंभर! सूनबाई सिनेमा लावून बसलेली. कोपऱ्यात ‘एचडीआर’ म्हणून पाटी आली नि गेली. तिनंच काहीतरी चालू केलेलं. उजेड नुसता डोळ्यांत घुसत होता. मी तोंडातून ब्र काढला नाही. आकडे लिहून घेतले आणि टीव्ही बंद केला.”

“तिचा सिनेमा चालू असताना?”

“पुरावा होता तो, उस्ताद!”

“बरं. आणि सकाळी?”

भूपालनं स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. तिथं मांजर होतं. तरी त्यानं आवाज खाली आणला.

“सकाळी बातम्या लावल्या तर आकडे जागच्या जागी. चाळीस, ऐंशी, पन्नास. म्हणजे बघा… चोरानं पुरावासुद्धा पुसला!”

आता यावर हसू येऊ नये, म्हणून उस्तादांनी दुसरं बिस्किट घेतलं.

“मग मी सील लावलं,” भूपाल म्हणाला. “तुम्ही शिकवलेलं.”

ही जुन्या मेकॅनिक लोकांची युक्ती. डबा टीव्हीच्या पोटात चित्र लावायचे बारके स्क्रू असायचे. ते एकदा लावले की वर नेलपॉलिशचा थेंब टाकायचा. गिऱ्हाइकानं घरी जाऊन पिळलं, की थेंब फुटायचा आणि गिऱ्हाईक सापडायचं. भूपालनं तोच थेंब सेटिंगच्या बटणावर टाकला होता. बटण दाबल्याशिवाय आकडे बदलत नाहीत, आणि थेंब फुटल्याशिवाय बटण दबत नाही. बिनतोड काम.

“संध्याकाळी परत उजेड शंभर. आणि थेंब? शाबूत! मीच फोडून आत बघितलं, लिहिलं, परत नवा थेंब टाकला. बारा दिवस हेच चाललंय.”

“बारा दिवस…”

“मग माझी ट्यूब पेटली. फोन! आजकाल फोनवरनं टीव्ही चालतो. काल म्हटलं, सूनबाई, तुझा फोन दे बघू.”

“दिला?”

“दिला. माझ्यापुढं ठेवला, आत गेली आणि बॅग भरली. आज चारच्या गाडीनं निपाणीला चाललीय, माहेरी. पोरगा म्हणतो, मीही इचलकरंजीत खोली बघतो, तिकडंच राहू आम्ही. बायकोनं कालपासून अबोला धरलाय. चहाचा कप आपटून ठेवते समोर.”

हे सांगताना भूपालचा आवाज जरा हलला. भ्याला होता तो. चार माणसांचं घर आज संध्याकाळी अडीच खोल्या आणि दोन म्हातारी एवढंच उरणार होतं. पण भ्यालो म्हणण्यापेक्षा चोर शोधणं सोपं, नाही का?

“म्हणून आलो. चारच्या आत पुरावा पाहिजे. एकदा तिच्यापुढं ठेवला, की झालं.”

“काय झालं?”

“मी खोटा नाही, हे सिद्ध झालं.”

“आणि मग ती थांबेल?”

एवढा विचार भूपालनं केला नव्हता. वहीत तेवढी जागाच नव्हती.

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

उस्तादांनी समोरच्या भिंतीकडं बोट केलं. तिथंही एक चपटा टीव्ही होता. गुडघे गेल्यापासून बाहेर पडणं बंद झालं, म्हणून पुण्याच्या लेकीनं पाठवलेला.

“लाव तुझे आकडे.”

भूपालनं बातम्या लावल्या. उजेड चाळीस. कॉन्ट्रास्ट ऐंशी. रंग पन्नास. चित्र बसलं. हात अजून तयार होता त्याचा, हे मात्र खरं.

“टाक थेंब.”

भूपालनं खिशातून छोटी बाटली काढली. उस्तादांच्या रिमोटवर सेटिंगच्या बटणावर लाल थेंब टाकला, फुंकर मारून वाळवला.

“माझा फोन तो बघ.”

कोनाड्यात बटणांचा जुना फोन होता. त्यावरनं टीव्ही सोडा, धड हाकसुद्धा ऐकू येत नसे.

“आता बघ हं. सेटिंगला बोट लावत नाही.”

उस्तादांनी बातम्या सोडल्या आणि एक सिनेमा लावला. बर्फाचा डोंगर, मागं सूर्य उगवतोय. कोपऱ्यात पाटी उमटली… एचडीआर… आणि खोलीभर उजेड उसळला. मांजर उठून आत गेलं.

भूपाल ताडकन उभा राहिला.

पहिला विचार काय आला असेल त्याच्या मनात? हेही सामील! उस्तादसुद्धा! त्यानं उशी उचलून बघितली. गादीचा कोपरा वर केला. दुसरा रिमोट कुठं दडवलाय का, ते बघत होता बिचारा. संशयाला गुरू नसतो आणि गादीही नसते.

उस्तादांनी रिमोट त्याच्या हातात दिला आणि दोन्ही पंजे उघडून वर धरले.

“आत बघ.”

थेंब शाबूत होता. भूपालनं नखानं तो फोडला, बटण दाबलं.

उजेड शंभर.

“खोलीत कोण आलं होतं, भूपाल?”

“कुणी… कुणी नाही.”

“मांजर होतं,” उस्ताद म्हणाले. “त्याचा फोन मागू का? बातम्या लाव परत.”

त्यानं लावल्या. आत बघितलं. चाळीस, ऐंशी, पन्नास. जागच्या जागी.

भूपाल खाली बसला.

“टीव्हीकडं दोन वह्या असतात,” उस्ताद म्हणाले. “साध्या चित्राची एक, झगझगीत चित्राची एक. तुझे आकडे पहिल्या वहीत. एचडीआर, म्हणजे ते झगझगीत, आलं की तो दुसरी उघडतो. साधं आलं की परत पहिली. पुरावा कुणी पुसत नाही रे.”

“हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. दोन दिवस नुसता समोर बसून बघत होतो.”

भूपालनं मान खाली घातली. पण चाळीस वर्षांचा ताठा, एका थेंबानं थोडाच विरघळतो!

“मग ती दुसरी वही बंदच करून टाकायची,” तो म्हणाला. “सोय असंलच की.”

“आहे. कर.”

टीव्हीखाली इंटरनेटवरनं सिनेमा आणणारा छोटा डबा होता. त्याच्या यादीत उस्तादांनी जागा दाखवली. तिथं दोन ओळी होत्या. एक, कुठलंही चित्र येवो, दाखवायचं एकाच साच्यात. दुसरी, येईल तसं दाखवायचं. भूपालनं पहिली निवडली, साचा साधा ठेवला आणि तोच डोंगर परत लावला.

पाटी आली नाही. उजेड उसळला नाही. आकडे चाळीस, ऐंशी, पन्नास.

“आता कसं,” भूपाल म्हणाला.

भूपाल बघत राहिला. सूर्य भिजवलेल्या कणकेच्या गोळ्यासारखा दिसत होता. बर्फ कुठं संपतो आणि आभाळ कुठं लागतं, काही समजेना. माणूस हट्टी असेल, पण मेकॅनिक होता. चित्राबद्दल खोटं बोलणं त्याला जमायचं नाही.

“मेलं,” तो हळूच म्हणाला. “चित्र मेलं, उस्ताद.”

“हं.”

त्यानं स्वतःहून दुसरी ओळ निवडली. येईल तसं. सूर्य परत सूर्य झाला.

“पण डोळ्यांना तर लागतंय,” तो पुटपुटला.

“मग कमी कर. त्या वहीतही आकडे लावता येतात,” उस्ताद म्हणाले. “पण ते चित्र समोर चालू असताना. बंद करून नाही.”

भूपालनं उजेड शंभरावरनं सत्तरवर आणला. थांबला. पंच्याहत्तर केला. सूर्य तसाच राहिला, डोळ्यांना सुख झालं. अर्ध्या मिनिटाचं काम.

बारा दिवस त्यानं नेमकं हेच केलं नव्हतं. दर संध्याकाळी आकडे लिहून टीव्ही बंद. सूनबाईचा सिनेमा अर्धाच.

“तीन पंचवीस झाले,” उस्ताद म्हणाले. “बाटली कुठली आहे ही?”

“कुठली बाटली?”

“नेलपॉलिशची.”

“घरातलीच.”

“घरात कोण लावतं नेलपॉलिश? तू लावतोस?”

भूपालनं बाटली मुठीत धरली. मग मूठ उघडली. आता लपवून काय उपयोग?

“अनुजाचं आहे,” तो म्हणाला. सूनबाईचं नाव त्या दुपारी पहिल्यांदा त्याच्या तोंडात आलं. “आरशापुढं असतं… तिथनं घेतलं.”

“विचारून?”

भूपाल बाटलीचं झाकण पिळत बसला.

“तिला कळलं नसंल.”

“नाही… म्हणजे…” भूपाल अडखळला. “कळायचं कसं?”

“तू तर सगळं लिहितोस. बघ की वहीत.”

भूपालनं वही उघडली. पानं उलटली. एका पानावर थांबला आणि लगेच वही मिटायला गेला.

“वाच,” उस्ताद म्हणाले.

“काही नाही त्यात.”

“मग वाचायला काय जातंय? मोठ्यानं वाच. मला कमी ऐकू येतं.”

त्यांना चांगलं ऐकू येत होतं. मुंगी खोकली तरी कळायचं. पण भूपालनं चष्मा सारखा केला आणि वाचायला घेतलं.

“बुधवार. संध्याकाळी सात वाजून दहा. सूनबाई आरशापुढं काहीतरी शोधत होती. ड्रॉवर दोनदा उघडला. मग बाहेर आली. रिमोट हातात घेतला. लाल थेंबाकडं बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडं बघितलं. संशयास्पद.”

तो थांबला.

“पुढं?”

भूपालनं पान उलटायला घेतलं.

“पुढं आहे की ओळ. मला इथनं दिसतीय.”

बोट ओळीखाली धरून, पहिलीतल्या पोरासारखं त्यानं वाचलं.

“काही बोलली नाही. रिमोट जागेवर ठेवला. आत गेली… गवती चहा घालून चहा आणून दिला. कपात साखर कमी घातली होती, माझ्या शुगरमुळं.”

टीव्हीवर डोंगरामागचा सूर्य पुरता वर आला होता.

भूपालनं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला. परत काढला.

“मी तो चहा प्यायलो, उस्ताद,” तो म्हणाला. “पिता पिताच हे लिहिलं.”

“हं.”

“साडेतीन झाले. स्टँडवर पोचायला दहा मिनिटं. पोचतो मी. पण तिच्यापुढं उभा राहून सांगू काय? टीव्हीला दोन वह्या असतात, हे सांगू? चूक झाली म्हणू? आयुष्यात कधी म्हटलं नाही मी… जीभ वळायची नाही माझी.”

उस्तादांनी वही त्याच्या हातातून घेतली. त्या पानाचा कोपरा दुमडला, वही मिटली आणि बाटलीसकट त्याच्या पिशवीत घातली.

“सांगू काही नकोस,” ते म्हणाले. “एवढं पान वाच तिच्यापुढं. चहासकट.”