निळीचा रांजण

फार पूर्वी अरुणावती नगरात शूरदत्त राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व राजाच्या कापड रंगवायच्या रंगशाळेचा प्रमुख म्हणून जन्मला होता.

तिथला म्हातारा रंगारी धनक तोंडाचा मोठा फटकळ. जरा मनाविरुद्ध झालं की आकाशपाताळ एक करी. त्याचा नीळ आंबवायचा रांजण तीस वर्षांत कधी रिकामा झाला नव्हता. तळाच्या जुन्या गाळावरच नवी नीळ जगते. रंगाऱ्यांना हे ठाऊक असतं, शिपायांना कुठून असणार?

रंगाचं पाणी घाटावरच्या पिण्याच्या पाण्यात उतरू लागलं, म्हणून रंगशाळा घाटाच्या खाली, प्रवाहाच्या पुढच्या अंगाला हलवायचं ठरलं. ठरलं ते योग्यच. पण ते कळवायचं काम बोधिसत्त्वाने शिपायांवर सोपवलं आणि त्यांनी दवंडी पिटली, "रांजण ओता, उद्या निघा!" झालं, एवढंच. का, कशासाठी, एक अक्षर नाही.

शेजारचा जोतिक भिडस्त. तो नुसती मान डोलवत राहिला आणि शिपायांनी त्याचा रांजण उपडा केला. बायको गेली तेव्हाही तो एवढा खचला नव्हता.

मग शिपाई धनकाकडे वळले. तो ढवळायचं दांडकं घेऊन आडवा उभा राहिला. "हात तर लावून बघा!"

बोधिसत्त्व धावत आला. "या!" धनक कडाडला. "जोतिकाचा जन्म मातीत ओतलात, आता माझा ओता! एकदा येऊन विचारायला जीभ झडली होती तुमची?" दांडक्यावरची नीळ प्रमुखाच्या तोंडावर उडाली. शिपायांनी तलवारी उपसल्या. त्यांना मागे सारून बोधिसत्त्व खाली बसला आणि धनकाचा घसा बसेपर्यंत ऐकत राहिला.

मग म्हणाला, "काका, तुम्ही ओरडता, म्हणून तुम्हाला समजत नाही असं मी धरलं. जोतिक बोलत नाही, म्हणून त्याला पटलं असं धरलं. दोन्ही चुका माझ्या. घाटावरचे लोक त्या पाण्याने आजारी पडताहेत. जायला तर हवंच. कसं जायचं, ते तुम्ही सांगा."

"हे काल सांगितलं असतंत, तर मीच गाडी जुंपली असती!" धनकाचा राग काही उतरला नाही. धुमसतच त्याने गाळ उपसला आणि अर्धा जोतिकाच्या घड्यात ओतला. जोतिकाला रडू फुटलं.

"रडतोस काय मेल्या? पुढच्या वेळी ओरड!"

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, भिक्षूंना सांगितलेली ही कथा संपवली आणि ते म्हणाले, "भिक्षूंनो, विहार हलवण्यावरून आज पात्र आपटणारा हा भिक्षू तेव्हा धनक होता. कोपऱ्यात गप्प बसलेला तो दुसरा भिक्षू जोतिक होता. आणि न विचारता हुकूम देणारा, मग शिव्या ऐकून घेणारा प्रमुख मीच होतो. दुसऱ्याचा राग शेवटपर्यंत ऐकून घेणं, हीच क्षांती."